विश्लेषण : जुन्या फियाटला नवे भाग बसवले की विजेचे दुखणे का सुरू होते?

अल्टरनेटर नवा, दिवे नवे, बॅटरीही नवी. तरी रात्री हेडलाइट मंद, वायपर रेंगाळतो आणि डॅशबोर्डमागून जळका वास येतो. पद्मिनी आणि तिच्या काळातल्या गाड्यांची ही तक्रार नेहमीची आहे. दोष बहुतेक वेळा नव्या भागात नसतो. मग तो कुठे असतो आणि कसा शोधायचा?

मुंबईतली शेवटची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदवली गेली होती. टॅक्सीसाठी वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून शहरातल्या टॅक्सींमधून पद्मिनी अधिकृतपणे बाद झाली. खासगी मालकांकडे मात्र ती अजून आहे. कुणाकडे आजोबांची, कुणाकडे हौसेने विकत घेतलेली. टॅक्सीला रोजचा धंदा करायचा असे, त्यामुळे बिघडलेला भाग तसाच दुसरा टाकून भागवले जाई. हौशी मालक गाडी ‘सुधारून’ घेतो, आणि विजेच्या तक्रारी बऱ्याचदा तिथून सुरू होतात.

मूळ गाडीत वीज किती लागत असे?

कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी फियाट ११०० डिलाइट आणि पुढे पद्मिनी या नावाने विकली गेलेली तिचीच आवृत्ती, ही मुळात १९६० च्या दशकातली रचना. विजेवर चालणाऱ्या गोष्टी मोजक्याच होत्या : दिवे, हॉर्न, वायपर, इंडिकेटर, इग्निशन आणि सेल्फ. जुन्या गाड्यांत वीज डायनॅमो पुरवत असे. त्या काळातल्या छोट्या गाड्यांच्या डायनॅमोची क्षमता साधारण वीस-बावीस अँपिअरच्या पुढे जात नसे आणि तीही इंजिन चांगले फिरत असतानाच. सिग्नलला गाडी थांबली की चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणायचा आणि चालकाला त्यात काही वावगे वाटत नसे.

वायरिंगची जाडी, स्विचमधले पितळी पत्रे, चिनीमातीचे फ्यूज, सगळे या छोट्या हिशेबात बसवलेले होते. त्यात आजच्या काळाचा भार टाकायचा, तर मधली प्रत्येक कडी तपासावी लागते. गॅरेजमध्ये होते उलटेच. दोन्ही टोके बदलली जातात, म्हणजे इकडे अल्टरनेटर आणि तिकडे दिवे, आणि मधली चाळीस वर्षांची वायर तशीच राहते. त्या वायरच्या टोकांवर मुंबई-कोकणच्या दमट हवेने हिरवा-पांढरा चुरा जमवलेला असतो.

प्रखर बल्बने स्विच का वितळतो?

हिशेब शाळेतलाच आहे. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. जुना ४५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर पावणेचार अँपिअर घेतो. दोन्ही बाजूंचे मिळून साडेसात. बाजारात सर्रास मिळणारा १०० वॅटचा हॅलोजन बसवला की दोन बल्ब सुमारे साडेसोळा अँपिअर मागतात.

आता जुन्या स्विचच्या आत गंज आणि काजळीमुळे फक्त ०.१ ओहम इतका अडथळा आहे असे समजा. साडेसात अँपिअरला तिथे साडेपाच वॅटच्या आसपास उष्णता तयार होत होती; स्विच कोमट व्हायचा इतकेच. प्रवाह दुपटीच्या पुढे गेला की उष्णता चौपटीच्याही पुढे जाते. साडेसोळा अँपिअरला ती ढोबळमानाने २७ वॅट भरते. घरात रेडिओ दुरुस्त करायला जी सोल्डरिंग आयर्न वापरतात, ती २५ वॅटची असते. स्टिअरिंगजवळच्या प्लास्टिकच्या स्विचमध्ये तशी एक आयर्न रात्रभर चालू ठेवल्यावर काय होईल, ते सांगायला नको.

इतके करून उजेडही मिळत नाही. त्याच अडथळ्यात दीड व्होल्टहून अधिक दाब खर्च होतो आणि तारेच्या बल्बचा उजेड दाबापेक्षा फार वेगाने घसरतो. दाब दहा टक्के कमी झाला की उजेड जवळपास तीस टक्के कमी होतो. म्हणजे १०० वॅटचा बल्ब घेऊन मालक ६० वॅटचाही उजेड पाहत नाही आणि ‘अजून मोठा बल्ब टाका’ म्हणून पुन्हा गॅरेज गाठतो. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवण्याचा प्रश्न वेगळाच.

यावर जुना आणि खात्रीचा उपाय रिले. बॅटरीकडून फ्यूजमधून येणारी जाड वायर रिलेच्या ३० क्रमांकाच्या पिनला, ८७ वरून दिव्याला. ८५ आणि ८६ पैकी एका पिनला जुन्या स्विचची वायर आणि दुसरीला अर्थ. मग स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलचा पाव अँपिअरहून कमी प्रवाह जातो. डिपर आणि अपरसाठी वेगळे रिले लागतात. वायर अडीच एमएमची, अनेक तारांची, गाडीसाठी बनवलेली हवी. घरगुती वायरिंगमधले उरलेले तुकडे गाडीत वापरण्याची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. एकसंध तांब्याची तार इंजिनच्या थरथराटाने काही महिन्यांत आतून तुटते, वरचे आवरण मात्र शाबूत दिसते. असा दोष शोधताना भलेभले थकतात.

रंगकामानंतर गाडी ‘बिघडते’ ती कशी?

नव्या भागांइतकाच संशय घ्यावा असा दुसरा प्रकार म्हणजे नवा रंग. गाडीत प्रत्येक दिव्याला एकच वायर जाते. परतीचा रस्ता म्हणजे गाडीचा पत्रा. रिस्टोरेशनमध्ये पत्रा उघडा करून प्रायमर, पुट्टी, रंगाचे चार हात देतात. वर सगळे ब्रॅकेट पावडर कोटिंग करून आणतात. मग दिवे, हॉर्न, वायपरची मोटार त्या चकचकीत रंगावर स्क्रूने आवळली जाते. रंग हा उत्तम इन्सुलेटर आहे. परतीचा रस्ता बंद होतो, किंवा स्क्रूच्या दोन आट्यांपुरताच उरतो.

मग गाडीत भुताटकी दिसू लागते. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो. पार्किंग लावल्यावर हॉर्न अशक्त वाजतो. हेडलाइट लावताच पेट्रोलचा आणि तापमानाचा काटा दोन्ही जागा बदलतात. नवखा वायरमन इथे वायरी बदलत सुटतो. खरे तर वीज आपल्या घरी परत जायला दुसऱ्याच्या दारातून वाट काढत असते : मागच्या दिव्याचा अर्थ तुटला, म्हणून ती शेजारच्या बल्बच्या तारेतून जाते. दोन असंबद्ध गोष्टी एकमेकींवर परिणाम करू लागल्या की आधी अर्थिंग पाहावे.

यातला सर्वांत धोकादायक प्रकार इंजिनचा. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते, त्यामुळे बॉडीशी त्याचा विजेचा संबंध एका जाड, विणलेल्या अर्थ पट्टीनेच येतो. इंजिन उतरवून रंगवून पुन्हा चढवताना ही पट्टी विसरली जाते. सेल्फ मारला की शंभराहून अधिक अँपिअर हवे असतात. पट्टी नाही, तर ते मिळेल त्या धातूतून जातात, म्हणजे चोकच्या किंवा अॅक्सिलरेटरच्या केबलमधून. सेल्फ कण्हत फिरतो आणि चोकची केबल हाताला चटका देते, कधी धूर सोडते. मालक सेल्फ रिवाइंड करून आणतो, नवी बॅटरी घेतो, आणि प्रत्येक नव्या बॅटरीबरोबर केबल आणखी लवकर तापते.

उपाय साधा आहे. इंजिन ते बॉडी पट्टी नवी लावायची. बॅटरीचा निगेटिव्ह बॉडीला जिथे बसतो तिथला रंग पॉलिश पेपरने पत्रा उघडा पडेपर्यंत घासायचा, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळायचा, मग वरून व्हॅसलिन किंवा ग्रीस लावायचे. आधी ग्रीस आणि मग बोल्ट असे नको. दिव्यांना तर सरळ वेगळी अर्थ वायर ओढून एका ठिकाणी आणणे जास्त चांगले.

डायनॅमो काढून अल्टरनेटर लावताना काय चुकते?

अल्टरनेटर लावणे ही खरोखरच उपयोगी सुधारणा आहे. छोट्या गाड्यांचे अल्टरनेटर साधारण ३५ ते ५५ अँपिअर देतात आणि इंजिन संथ असतानाही बऱ्यापैकी चार्ज करतात. पण डायनॅमोच्या जागी तो नुसता आवळून चालत नाही.

डायनॅमोबरोबर एक डबी असते, गॅरेजच्या भाषेत कटआउट. अल्टरनेटरचा रेग्युलेटर बहुधा त्याच्या पोटातच असतो, म्हणून डबीचे काम संपते. पण डबीपाशी येणाऱ्या जुन्या वायरी तशाच जोडून दिल्या, तर वीस अँपिअरच्या रस्त्यावरून दुप्पट वाहतूक सुरू होते. अल्टरनेटरच्या मुख्य टर्मिनलपासून बॅटरीपर्यंत किमान सहा एमएमची नवी वायर आणि तिला योग्य फ्यूज हवा. ज्या गाड्यांत अँपिअर मीटर आहे, तिथे हा सगळा प्रवाह मीटरमधून नेऊ नये; डॅशबोर्डमागे लागणाऱ्या आगीचे ते एक नेहमीचे कारण आहे.

दुसरी गंमत चार्जिंगच्या लाल दिव्याची. अनेक अल्टरनेटरना सुरुवातीला जागे होण्यासाठी थोडी वीज बाहेरून लागते आणि ती या छोट्या दिव्यातूनच येते, सुमारे ०.२ अँपिअर. हौसेने डॅशबोर्डचे सगळे बल्ब एलईडी केले, तर त्यातून तेवढा प्रवाह जातच नाही. अल्टरनेटर झोपलेलाच राहतो, किंवा इंजिन जोरात रेझ केल्यावर एकदाचा जागा होतो. मग ‘अल्टरनेटर डिफेक्टिव्ह आहे’ म्हणून तो परत केला जातो. दुसरा येतो, तोही तसाच वागतो. दोष दहा रुपयांच्या बल्बच्या जागी आहे, हे लक्षात यायला कधी कधी तीन अल्टरनेटर लागतात.

तिसरी चूक सवयीची. डायनॅमोच्या काळात इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढून बघत. गाडी बंद पडली नाही म्हणजे डायनॅमो ठीक. अल्टरनेटरवर हा प्रयोग केला की दाब एकदम उसळतो आणि आतले डायोड किंवा रेग्युलेटर जातात. नव्या इलेक्ट्रॉनिक वस्तूही सोबत जाऊ शकतात. बॅटरी उलटी जोडली तरी हाच निकाल. फियाट निगेटिव्ह अर्थची आहे, पण ब्रिटिश वंशाच्या अनेक जुन्या गाड्यांत बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेला असे. तिथे आधी ते तपासल्याशिवाय अल्टरनेटर, स्टिरिओ, काहीच जोडू नये.

एलईडी लावल्यावर इंडिकेटर का वेडावतो?

जुना फ्लॅशर उष्णतेवर चालतो. दोन २१ वॅटच्या बल्बचा प्रवाह आतली पट्टी तापवतो, ती वाकते, दिवा विझतो. थंड झाली की पुन्हा लागतो. एलईडी बल्ब इतका कमी प्रवाह घेतो की पट्टी तापतच नाही आणि दिवा नुसता लागून राहतो. नंतरच्या पिढीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर असेल, तर त्याला वाटते बल्ब गेला आणि तो दुप्पट वेगाने टकटक करतो. एलईडीसाठीचा फ्लॅशर वेगळा मिळतो, तो घ्यावा.

तरीही चारही दिवे एकदम लुकलुकले तर? अनेक जुन्या गाड्यांत डॅशबोर्डवर दोन्ही बाजूंसाठी एकच दर्शक दिवा असतो. त्याला स्वतःचा अर्थ नसतो. उजवीकडची वीज त्यातून जाऊन डाव्या बल्बच्या तारेतून जमिनीला मिळते. तारेचा बल्ब त्या क्षुल्लक प्रवाहाने पेटत नाही. एलईडी पेटतो. दर्शक दिव्याला दोन डायोड आणि स्वतंत्र अर्थ दिला की प्रश्न मिटतो.

इलेक्ट्रॉनिक इग्निशनचे काय?

पॉइंट आणि कंडेन्सर काढून बसवायचे मॉड्यूल आता सहज मिळते. त्याचे आणि कॉइलचे जमले पाहिजे. साधी कॉइल मोजली तर तीन ओहमच्या आसपास भरते. रेझिस्टरसोबत वापरायची कॉइल दीड ओहमची असते. दीड ओहमची कॉइल रेझिस्टरशिवाय जोडली, तर चारऐवजी आठ अँपिअरपर्यंत प्रवाह मॉड्यूलमधून जाऊ शकतो. उलट मॉड्यूलची वीज रेझिस्टरच्या पुढून घेतली, तर सेल्फ मारताना दाब इतका पडतो की ठिणगीच पडत नाही. ढकलस्टार्ट केली की मात्र गाडी लगेच लागते. इंजिन बंद असताना गाणी ऐकण्यासाठी चावी चालू ठेवायची सवय असेल, तर अनेक मॉड्यूल आणि कॉइल त्यातच भाजतात. प्लगच्या वायरी रेझिस्टन्स असलेल्या हव्यात. नुसत्या तांब्याच्या वायरींचा विद्युत गोंगाट मॉड्यूलला गोंधळवतो आणि चालत्या गाडीत मिसिंग येते.

मग दोष शोधायचा कसा?

काही शे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. बॅटरी काही तास शांत ठेवून मोजली तर पूर्ण चार्ज असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ हवे. १५ च्या वर गेले तर रेग्युलेटर किंवा अल्टरनेटरचा अर्थ संशयित. मग बल्ब वारंवार जातात आणि बॅटरीचे पाणी आटते.

पण फक्त बॅटरीवर मोजून थांबणारे बरेच असतात, आणि तिथेच गाडी अडते. खरी चाचणी दाब कुठे गळतो, ही. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवावा आणि हेडलाइट चालू असावा. बंद दिव्यावर ही चाचणी काहीच सांगत नाही. लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि काळे टोक हेडलाइटच्या मागच्या टर्मिनलला लावायचे. मीटर जितके व्होल्ट दाखवेल, तितके वाटेत हरवले. अर्ध्या व्होल्टपर्यंत ठीक. दीड-दोन दिसले तर काळे टोक एकेक सांधा मागे आणत जावे : फ्यूज बॉक्स, स्विच, इग्निशन स्विच. ज्या दोन जागांमध्ये आकडा एकदम पडतो, तिथे दोष आहे. मग दिव्याच्या बॉडीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत असेच मोजावे, इथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त नको. इंजिनचा अर्थ तपासायला एक टोक इंजिनच्या उघड्या धातूला, दुसरे बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवून सोबत्याला सेल्फ मारायला सांगावे.

नुसती वायर ‘टिंग’ वाजते का, हे बघून भागत नाही. वीसपैकी एकच तार शिल्लक असलेली वायरही मीटरवर टिंग वाजते. भार टाकला की हात टेकते.

वारंवार उडणाऱ्या फ्यूजला मोठा फ्यूज किंवा चांदीचा कागद हे उत्तर नाही. फ्यूजच्या जागी दोन वायरींनी २१ वॅटचा बल्ब जोडावा. शॉर्ट असेल तोवर तो लखख पेटतो, पण वायर जळत नाही. मग वायरिंग ठिकठिकाणी हलवत जायचे. बल्ब मंदावला किंवा विझला, ती जागा पाहायची. पद्मिनीसारख्या गाडीत बोनेटच्या बिजागरीजवळ, फायरवॉलच्या भोकापाशी आणि डिकीच्या झाकणाकडे जाणाऱ्या वायरी आधी बघाव्यात. फायरवॉलच्या भोकातले रबरी ग्रोमेट रंगकामात काढले जाते आणि परत बसवायचे राहते.

रात्रीत बॅटरी उतरत असेल, तर चावी बंद करून निगेटिव्ह वायर काढावी आणि मधे मीटर १० अँपिअरच्या रेंजवर जोडावा. या स्थितीत सेल्फ मारू नये, मीटर जाईल. जुन्या गाडीत काहीच चालू नसते, तेव्हा आकडा शून्याजवळ हवा. स्टिरिओच्या मेमरीला काही मिलिअँपिअर पुरतात. अर्धा अँपिअर गळत असेल, तर ३५ एएचची बॅटरी दीड दिवसात अर्धी होते. मग फ्यूज एकेक काढून आकडा कधी पडतो ते पाहावे. कोणताही फ्यूज काढून फरक पडला नाही, तर सकाळी गाडी सुरू करण्याआधी अल्टरनेटरला हात लावावा. रात्रभर उभ्या गाडीत तो कोमट लागला, तर आतला डायोड गळतो आहे.

आगीची भीती कितपत खरी?

खरी आहे. पद्मिनीच्या पिढीच्या अनेक गाड्यांत बॅटरीपासून इग्निशन स्विच आणि चार्जिंगच्या वायरीला मुळात फ्यूजच नसे. जुने आवरण उष्णतेने कडक होऊन तडकते आणि जवळून पेट्रोलचा रबरी पाइप गेलेला असतो. बॅटरीजवळच वीतभर अंतरात मुख्य फ्यूज, चालकाच्या हाताशी कट-ऑफ स्विच आणि सीटखाली छोटे पावडरचे अग्निशामक, ही तीन कामे अल्टरनेटर किंवा स्टिरिओच्या आधी करावीत. जळका वास आला की आधी कट-ऑफ, मग बाकीचे. बोनेट एकदम पूर्ण उघडू नये. हवा मिळाली की धुमसणारे पेट घेते.

काढलेले जुने भाग टाकावेत का?

टाकू नयेत. केंद्राने २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या आणि चेसिस, बॉडी, इंजिनमध्ये मोठे फेरफार न झालेल्या गाड्यांची ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ मालिकेत नोंदणी होऊ शकते. १९७० च्या दशकातल्या पद्मिनी आता त्या वयाला पोहोचू लागल्या आहेत. डायनॅमो, कटआउट, डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट तेलाच्या फडक्यात गुंडाळून डिकीत ठेवले, तर मॉड्यूल घाटात बंद पडल्यावर पॉइंट पुन्हा बसवून घरी येता येते. एका वेळी एकच भाग बदलावा, आठवडाभर गाडी चालवावी, मग पुढचा. आणि प्रत्येक बदलाच्या वेळी कुठली वायर कुठून काढली नि कुठे जोडली, याचा कागद ग्लोव्ह बॉक्समध्ये असू द्यावा. पुढचा वायरमन तोच असेल असे नाही.